लो-फाय हिप-हॉप रिमिक्स

लो-फाय हिप-हॉप रिमिक्स हा हिप-हॉप संगीताचा एक प्रकार आहे. यात जुन्या रॅप गीतातील केवळ आवाज घेऊन त्याला सोल किंवा जॅझ संगीतावर आधारलेली नवी, संथ साथ दिली जाते. 'लो-फाय' या संज्ञेचा अर्थ कमी प्रतीचे ध्वनिमुद्रण असा होतो. तबकडीची खरखर, दबलेला ध्वनी यांसारखे दोष या प्रकारात मुद्दाम राखले जातात.

पार्श्वभूमी

अमेरिकेत रॅप गीतांच्या १२ इंची तबकड्यांवर मूळ गीताबरोबर पुष्कळदा साथीविना केवळ आवाजही दिलेला असे. त्याला 'ॲकापेला' म्हणतात. डीजे हा आवाज दुसऱ्या ठेक्यावर बसवीत. १९८७ साली आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० या १२ बिटांच्या यंत्रात सुमारे १० सेकंदांचेच ध्वनिनमुने मावत. जागा वाचवण्यासाठी तबकडी वेगाने वाजवून नमुना घेत व नंतर तो यंत्रात संथ करीत. त्यातून आलेला खरबरीतपणा पुढे शैलीचे लक्षण ठरला.

प्रमुख संगीतकार

डेट्रॉइटचा जे डिला (१९७४–२००६) आणि जपानचा नुजाबेस (१९७४–२०१०) हे लो-फाय हिप-हॉपचे पूर्वसूरी मानले जातात. जुन्या सोल तबकड्यांच्या तुकड्यांतून घडवलेला डिलाचा 'डोनट्स' हा संग्रह त्याच्या मृत्यूच्या तीन दिवस आधी प्रसिद्ध झाला. उत्तर कॅरोलायनातील नाइन्थ वंडर याने नास या रॅपरच्या 'गॉड्स सन' (२००२) या संग्रहातील आवाजांना नवी सोलप्रधान साथ देऊन २००३ साली 'गॉड्स स्टेपसन' हा अनधिकृत संग्रह तयार केला. त्याच वर्षी जे-झीच्या 'द ब्लॅक अल्बम'मधील एका गीताची साथ त्याने रचली.

निर्मितीतंत्र

ठेक्याची गती सामान्यतः मिनिटाला ७० ते ९० मात्रा असते. आवाज त्या गतीशी जुळवून घेतला जातो. ढोलाचे आघात किंचित मागेपुढे ठेवल्याने ठेका यांत्रिक वाटत नाही. २०१९ मध्ये डीझर कंपनीने 'स्प्लीटर' ही संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. अशा साधनांमुळे ॲकापेला उपलब्ध नसलेल्या गीतांतूनही आवाज वेगळा काढता येऊ लागला.

स्वामित्वहक्काचा प्रश्न

ध्वनिमुद्रण आणि मूळ रचना यांचे हक्क वेगवेगळे असतात. रिमिक्ससाठी दोन्हींची परवानगी लागू शकते. १९९१ साली न्यू यॉर्कमधील संघीय न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरला गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गीताचा तुकडा विनापरवाना वापरण्यास मनाई केली. २००४ मध्ये डेंजर माउसने जे-झीचा आवाज आणि बीटल्सचे संगीत एकत्र करून 'द ग्रे अल्बम' तयार केला. जे-झीचे ॲकापेला अधिकृतरीत्या उपलब्ध होते. तथापि बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांसाठी ईएमआय कंपनीने वितरण थांबवण्याची सूचना दिली. निषेध म्हणून २४ फेब्रुवारी २००४ रोजी अनेक संकेतस्थळांनी तो संग्रह विनामूल्य उपलब्ध केला. विनापरवाना रिमिक्स हक्कधारकाच्या तक्रारीवरून केव्हाही हटवले जाऊ शकतात. त्यामुळे या प्रकारातील बरीच निर्मिती अधिकृत संग्रहांबाहेर, श्रोत्यांनी जपलेल्या प्रतींच्या आधारेच टिकून राहते.