कवडीचे माहेर

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ उघडली की वंदनाच्या श्लोकापाठोपाठ कवडी भेटते. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, असे ते कोष्टक आहे. वराटक म्हणजे कवडी. एका पणाला ८० आणि एका द्रम्माला १२८० कवड्या पडतात. ११५० च्या सुमारास सह्याद्रीच्या मुलखातल्या गणितज्ञाला मोजणीची सुरुवात कवडीपासून करावीशी वाटली, यावरून ती व्यवहारात किती मुरली होती ते कळते. पुढे नाणे म्हणून तिची किंमत गेली, तरी ती आपल्या घरात राहिलीच. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात, सारीपाटाच्या डावात, आणि ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणणाऱ्या कवडीचुंबकाच्या तोंडात.

कोकणच्या किनाऱ्यावरही कवड्या सापडतात, पण बाजारात नाणे म्हणून चालली ती हीच असे नव्हे. चलनी कवडी लहान, पिवळसर पांढरी, पाठीवर किंचित खडबडीत आणि वजनाला ग्रॅमभर. हिंदी महासागरात ती पुष्कळ ठिकाणी होते. मात्र जहाजे भरून निघावीत इतकी, आणि तीही नेमक्या लहान आकाराची, मिळत असे मालदीवमध्ये. अल् बिरूनीने तर या द्वीपसमूहाची ओळखच ‘कवड्यांची बेटे’ अशी करून दिली आहे. शेजारची लक्षद्वीप त्याच्या लेखी काथ्याची बेटे.

काढण्याची रीत साधी, पण वेळापत्रकाला बांधलेली. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी १६०२ साली जहाज फुटून मालदीवला लागला आणि १६०७ पर्यंत तिथे अडकून पडला. त्याने लिहून ठेवले आहे की कवड्या महिन्यातून दोनदा, अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे तीन-तीन दिवस गोळा करतात, आणि ते काम बायका करतात. कंबरभर पाण्यात उतरून वाळूतून आणि खडकांतून त्या कवड्या वेचत. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते, म्हणून हे दिवस. मग किनाऱ्यावर खड्डे करून कवड्या पुरायच्या, आतला जीव कुजून जाऊ द्यायचा, धुवायच्या, वाळवायच्या. त्या वासाबद्दल प्रवासी फारसे बोलत नाहीत, पण लाखो गोगलगायी एका वेळी कुजत असताना तिथली हवा कशी असेल याची कल्पना करता येते. शेवटी नारळीच्या पात्यांच्या टोपलीत १२,००० चा एक ‘कोट्टा’ बांधला की नाणे तयार. ना छाप, ना राजाचे नाव. खोटे करता येत नाही, गंजत नाही, सहसा फुटत नाही, आणि मोजायचा कंटाळा आला तर तोलून किंवा मापून घेता येते.

आता भावाकडे वळू, कारण या कथेतली गंमत आणि दुखणे दोन्ही तिथे आहे. पिरारच्या अडीचशे वर्षे आधी, १३४३ साली, इब्न बतूता मालदीवला पोचला. त्या वेळी गादीवर सुलताना खदीजा होती. बतूताला तिथे काझी नेमले, त्यामुळे त्याची माहिती वरवरची नाही. तो सांगतो की बेटांवर एका सोन्याच्या दिनाराला ४ लाख कवड्या मिळतात, कधी भाव पडला तर १२ लाखसुद्धा. बंगालचे लोक त्या घेतात आणि बदल्यात तांदूळ देतात. दहाएक वर्षांनी हाच गृहस्थ सहारा ओलांडून माली राज्यात गेला. तिथे त्याला तीच कवडी बाजारात दिसली, भाव दिनाराला ११५०. म्हणजे बेटावरच्या चांगल्या दिवसांतल्या भावाशी तुलना केली तरी सुमारे साडेतीनशे पट. मधला फरक कुणाच्या खिशात जात असेल? बेटावर कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईच्या तर नक्कीच नाही.

एवढी जवळपास मक्तेदारी असूनही मालदीवला आपला भाव का लावता आला नाही? उत्तर बतूताच्या त्याच वाक्यात आहे: तांदूळ. प्रवाळाच्या वाळूत भात होत नाही. नारळ आणि मासळी पोटभर. पण तांदूळ बाहेरून आला नाही तर चूल अर्धीच पेटणार. कवडी घेणाऱ्याला घाई नव्हती, देणाऱ्याला होती. एखाद्या वर्षी तीस-चाळीस जहाजे निव्वळ कवड्या भरून बंगालकडे गेल्याचे पिरार सांगतो. त्याच वाटेने परतणाऱ्या तांदळावर बेटांचे वर्ष निघत असे.

बंगालमध्ये या कवड्यांचे काय होत होते ते पाहायचे तर सिल्हटला जावे. रॉबर्ट लिंडसे १७७८ साली तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर झाला, तेव्हा जिल्ह्याचा सारा महसूल कवड्यांत जमा होत होता. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण, चार काहणांचा रुपया. रुपयाला ५१२०. इथे थबकायला होते, कारण पणाला ८० आणि सोळा पणांना १२८०, हे भास्कराचार्यांचेच कोष्टक सहाशे वर्षांनी आसामच्या सीमेवर शाबूत आहे! लिंडसेच्या जिल्ह्याचा वसूल होता अडीच लाख रुपये, म्हणजे १२८ कोटी कवड्या. त्या ठेवायला गोदामे लागत, ढाक्याला न्यायला होड्यांचा तांडा लागे, आणि दहा टक्के तुटीत जात. कंपनीला ही कटकट नको होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने सारा चांदीच्या रुपयांत मागायला सुरुवात केली. ओडिशात कवडीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला रुपया महागात विकत घ्यावा लागू लागला. १८१७ च्या पाइक उठावामागच्या कारणांत हेही एक होते.

तोवर युरोपीय जहाजांनी कवडीला आणखी लांबच्या आणि फार वाईट कामाला जुंपले होते. डच आणि इंग्रज जहाजे ती तळाचे वजन म्हणून भरून घेत. अॅमस्टरडॅम आणि लंडनला तिचे लिलाव होत, तिथून पिंपांत भरून ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई, आणि दाहोमीच्या विदाह बंदरात तिच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. अठराव्या शतकात या वाटेने दहा अब्जांहून अधिक कवड्या गेल्या, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बेटावर कवडी वेचणाऱ्यांना याची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते. त्यांचा व्यवहार कोलंबो आणि बंगालशी होता.

मोठ्या सत्तांशी बेटांचे नाते या काळात कसे बदलत गेले तेही बघण्यासारखे आहे. पोर्तुगीजांना थेट राज्य हवे होते. नववा हसन हा सुलतान १५५२ मध्ये कोचीत ख्रिस्ती झाला आणि दों मानुएल बनला. १५५८ मध्ये पोर्तुगीजांनी राजधानी माले घेतली. सुमारे पंधरा वर्षांनी उथीमूच्या मुहम्मद ठाकुरूफानूने त्यांना हाकलले, तरी पोर्तुगीजांच्या छत्राखाली नामधारी ‘मालदीवचे राजे’ पुढेही नांदत राहिले. डच शहाणे निघाले. सिलोन हाती आल्यावर त्यांनी बेटांवर बस्तान बसवलेच नाही. सुलतानाचा वकील दरवर्षी नजराणा घेऊन कोलंबोला येई, डच गव्हर्नर त्याला परतभेट देई, आणि कवड्या मिळत राहत. १७९६ नंतर सिलोनबरोबर हा वार्षिक रिवाजही इंग्रजांच्या पदरात आयता पडला. पहारा, किल्ला, शिबंदी काही न लागता मालाची हमी मिळते, हे तंत्र डचांना कवडीनेच शिकवले असे मला वाटते.

कवडीचा शेवट बाहेरूनच आला. १८४५ च्या सुमारास हँबर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारकडची जराशी मोठी कवडी पश्चिम आफ्रिकेत ओतायला सुरुवात केली. ती जड होती, पण विलक्षण स्वस्त होती. चलन इतके वाढले की थोड्याच दशकांत पोती भरून कवड्या दिल्या तरी सौदा होईना, आणि वसाहतींच्या चांदीच्या नाण्यांनी तिची जागा घेतली.

मालदीवची टाकसाळ अशी बंद पडली, पण भाताची भूक तशीच राहिली. ती भागवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मुंबईचे बोहरी व्यापारी मालेत आले. तांदूळ आणि कापड त्यांच्याकडून घ्यायचे, सुकी मासळी त्यांच्याकडे द्यायची. बघता बघता जवळजवळ सारा आयात-निर्यात व्यापार त्यांच्या हाती गेला. लोक चिडले, त्यांच्या दुकानांना आगी लागल्या. दंगे आणि दरबारातली भांडणे यांतून १६ डिसेंबर १८८७ चा करार झाला. परराष्ट्र संबंध सिलोनच्या इंग्रज गव्हर्नरमार्फत, अंतर्गत कारभार सुलतानाकडे. डचांचा रिवाज आता कागदावर आला. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची जहाजे थांबली तेव्हा बेटांवर उपासमार झाली, आणि त्याच युद्धात दक्षिणेच्या अड्डू प्रवाळद्वीपावर, गानमध्ये, इंग्रजांनी तळ उभारला. मालदीव २६ जुलै १९६५ ला स्वतंत्र झाले तरी तो तळ १९७६ पर्यंत होता. योगायोग असा की स्वातंत्र्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १९ जुलैला, घानाने आपले नवे चलन सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘सेडी’. अकान भाषेतल्या कवडीवरून आलेले.

तांदळाची तजवीज पुढे कराराने होऊ लागली. १९८१ पासून भारत मालदीवला तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ, कांदे-बटाटे, अंडी यांचा ठरावीक कोटा देतो, आणि इथे निर्यातबंदी असली तरी त्यातून त्यांना सूट मिळते. २०२३ च्या निवडणुकीत ‘इंडिया आउट’चा नारा देणारे सरकार मालेत आले, भारतीय सैनिकांना परत बोलवावे लागले, समाजमाध्यमांवर दोन्हीकडून बरीच राळ उडाली. एप्रिल २०२४ मध्ये, हे सगळे चालू असतानाच, भारताने पुढच्या वर्षाचा कोटा जाहीर केला. तो ही व्यवस्था सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा होता, आणि मालेने जाहीरपणे आभार मानून तो घेतला.