चैत्यगृह वाचताना

लोणी-मंचरकडून जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला येणारी मंडळी पायऱ्या चढतात, गिरिजात्मजाला हात जोडतात आणि उतरतात. गणपती विराजमान आहे ते सातवे लेणे मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. शेजारच्या सहाव्या लेण्यात फार थोडे डोकावतात. लेणी-स्थापत्याच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात या सहाव्या लेण्यापासूनच करावी.

हे चैत्यगृह. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धवर्तुळ, वर गजपृष्ठाकार छत. एकोणिसाव्या शतकात स्थापत्य-इतिहासकार जेम्स फर्ग्युसनला अशा दालनांत चर्च दिसले. कार्ल्याच्या चैत्याची तुलना त्याने इंग्लंडमधल्या नॉरिच कॅथीड्रलशी केली. त्याच्या कष्टांचे ऋण मोठे आहे, पण हे साम्य फसवे आहे. चर्चने आपला आराखडा चौथ्या शतकात रोमन सभागृहांवरून घेतला. तिथे अर्धवर्तुळात वेदी आणि धर्मगुरू, समोर भाविक. लेण्याद्रीचे दालन त्याआधीचे. इथे त्या जागी स्तूप आहे, आणि त्यामागून खांबांची रांग वळते ती प्रदक्षिणेसाठी.

जुन्नरच्या पश्चिमेची तुळजा लेणी पाहिली की हे अधिक पटते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचे तिथले चैत्यगृह चक्क गोल आहे: मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. राजस्थानात बैराटला अशाच गोल वास्तूचे अवशेष मिळाले. तिचे खांब लाकडी होते. लेण्याद्रीच्या छताला कोरलेल्या दगडी फासळ्यांवर कसलाही भार नाही, छत डोंगरानेच धरले आहे. त्या सुतारकामातून आल्या. कार्ल्याला तर सागवानी फासळ्या आजही जागेवर आहेत.

हे सगळे उभे राहिले दानातून. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले, असे तिथला शिलालेख सांगतो. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचीही दाने कोरलेली आहेत. नाणेघाट चढून आलेला व्यापार या नावांमागे आहे.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि त्यांतली बरीच चैत्यगृहे सपाट छताची, चौकोनी, खांबांशिवायची. स्तूप आहे, प्रदक्षिणेची वाट आहे, अर्धवर्तुळ मात्र नाही. मग प्रदक्षिणेने आकार घडवला हे म्हणणे कुठवर टिकते? पहिल्या प्रकरणात हाच प्रश्न घेतला आहे.