विद्युतभारित फवारणी : थेंब पानामागे वळतो कसा?

द्राक्षावरील केवडा रोग पानाच्या पाठीकडून शिरतो; त्याला प्रवेश देणारी पर्णरंध्रे तेथेच असतात. फवारलेले औषध मात्र बहुतांशी वरच्या बाजूस पडते, उरलेले जमिनीवर ठिबकते किंवा वाऱ्यावर जाते. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंद्याच्या द्राक्षबागायतदारापुढची ही अडचण राहाता-संगमनेरकडील डाळिंब उत्पादकालाही चुकलेली नाही.

इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणी हा त्यावरील एक उपाय. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचे प्रा. एडवर्ड लॉ यांनी विकसित केलेल्या नोझलमध्ये दाबाच्या हवेने द्रावणाचे सूक्ष्म थेंब होतात आणि बाहेर पडतानाच त्यांना ऋण विद्युतभार मिळतो. पानाला कोणीही भार दिलेला नसतो. परंतु झाड ओलसर व मुळांद्वारे जमिनीशी जोडलेले असल्याने, ऋणभारित तुषार जवळ येताच पानातील ऋणभार जमिनीकडे ढकलला जातो आणि पृष्ठभागावर धनभार उरतो. जणू पानाच्या पलीकडे, आरशातल्यासारखा, विरुद्ध भाराचा दुसरा थेंब उभा राहतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1840च्या दशकात मांडलेली हीच प्रतिमाभाराची कल्पना.

अंतर निम्मे झाले की हे आकर्षण चौपट होते. 40 मायक्रॉन व्यासाच्या, नेहमीच्या प्रमाणात भारित थेंबाचा हिशेब केला, तर पानापासून 1 मिलिमीटरवर ते थेंबाच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश, तर 0.1 मिलिमीटरवर सुमारे वीसपट भरते. म्हणजे हा जोर अगदी शेवटच्या टप्प्यातला. तोवर थेंबांना पसरवून पानामागे वळवण्याचे काम तुषारांचे परस्पर प्रतिकर्षण व सोबतचा हवेचा झोत करतात.

विक्रेते सहसा सांगत नाहीत ती बाजू अशी, की दाट वेलीत बाहेरचीच पाने भार ओढून घेतात व आतला भाग कोरडा राहतो. तेथे विरळणी व हवेचा झोत हवाच. थेंब मोठा असेल तर वजनापुढे भाराचे काही चालत नाही. शिवाय फवारणी करणारा माणूसही जमिनीशी जोडलेलाच असतो! त्याच्याकडेही थेंब ओढले जातात. मास्क, हातमोजे अनिवार्य.

औषध अधिक चिकटत असेल, तर मात्राही तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरवावी लागते, अन्यथा मण्यांवरील अंश वाढतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली होती.