बारदेशच्या दैवतांच्या दोन याद्या : बदल शोधण्याच्या पद्धतीचा एक विचार

म्हापशाहून उत्तरेस कोलवाळची नदी ओलांडली की पेडणे महाल लागतो आणि पूर्वेस अस्नोड्यापलीकडे गेले की डिचोली. आज हा प्रवास घटकाभराचा आहे. सोळाव्या शतकात मात्र ही नदी दोन राज्यांची सीमा होती. बारदेश आणि साष्टी हे प्रांत १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, तर डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली गेले. मधली सुमारे अडीच शतके अलीकडे एक धर्मनीती व पलीकडे दुसरी, अशी स्थिती होती. या काळात बारदेशातील देवालयांचे काय झाले, हा प्रश्न गोव्याच्या इतिहासात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा एका शब्दात दिले जाते : कोणी म्हणतो, नष्ट झाली; कोणी म्हणतो, स्थलांतरित झाली. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. वस्तुतः हा प्रश्न दोन याद्यांच्या तुलनेचा आहे आणि अशी तुलना कशी करावी, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पहिली यादी कशी तयार झाली, ते आधी पाहिले पाहिजे. तिसवाडीच्या गावकऱ्यांचे हक्क व रूढी आफोंसो मेशियाच्या १५२६ सालच्या सनदेत नमूद झाल्या. पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली, आणि जून १५४१ मध्ये त्या देवालयांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यासाठी देण्याची कबुली गावकऱ्यांकडून घेण्यात आली. २९ ऑगस्ट १५६६ च्या व्हाइसरॉयच्या आज्ञेने नवी देवालये बांधण्यास व जुन्यांची डागडुजी करण्यास बंदी झाली. जमिनीचे उत्पन्न घ्यावयाचे, तर कोणत्या गावात कोणत्या दैवताच्या नावे कोणते शेत होते, हे लिहून ठेवणे आले. अशा रीतीने ‘फोराल’ व ‘तोंबो’ या नावांच्या जमीनधाऱ्याच्या वह्यांत दैवतांची नावे उतरली. ज्या सत्तेने देवालये पाडली, तिच्याच हिशेबी वहीमुळे त्यांची नावे टिकली, असा हा विलक्षण योगायोग आहे. परंतु त्यामुळेच या यादीला एक मर्यादा पडते. ती भक्ताने केलेली नोंद नव्हे, महसुलाची नोंद आहे. ज्या दैवताच्या नावे जमीन नव्हती, त्याची नोंद अशा वहीत होण्याचे कारणच नव्हते.

दुसरी यादी आजची : पेडणे, डिचोली, फोंडा या महालांत आणि खुद्द बारदेशात आज असलेली देवस्थाने. या दोन्ही याद्या शेजारी ठेवण्याचे काम रुई गोमिश परेरा यांनी केले. जुन्या काबिजादीतील गावोगावच्या दैवतांची नोंद व त्यांची पुढील स्थाने देणारे त्यांचे पुस्तक १९७८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पॉल ॲक्सेलरॉड व मिशेल फ्युर्च यांनी १९९६ सालच्या आपल्या निबंधात दैवतांच्या या प्रयाणाकडे हिंदू समाजाचा प्रतिकार म्हणून पाहिले. गोव्याच्या पुराभिलेखागारातील कागदपत्रांची वाट तर पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५५ सालच्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथाने आधीच मोकळी करून दिली होती. सामग्री आहे, वाद आहे तो तिच्या वाचनाचा.

येथे एका वेगळ्या क्षेत्राची मदत घेणे इष्ट वाटते. संगणकात साठवलेल्या हजारो फाइलींचे एका क्षणीचे संपूर्ण चित्र टिपून ठेवतात. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. काही काळाने दुसरे चित्र टिपले, की दोहोंमध्ये काय बदलले हे शोधावे लागते. त्या शास्त्राने या शोधाच्या पायऱ्या स्पष्ट केल्या आहेत. प्रथम नावे जुळवावयाची. जे नाव पहिल्या चित्रात आहे व दुसऱ्यात नाही, ते नाहीसे झालेले. दुसऱ्यात आहे व पहिल्यात नाही, ते नवे. दोन्हीकडे असलेल्या नावांचा आकार व शेवटच्या बदलाची वेळ पाहावयाची. ती जुळली तरी खात्री नसते, म्हणून आतील मजकुरातून गणिताने काढलेला एक छोटा अंक, म्हणजे त्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा, ताडून पाहावयाचा. नाव गेले, पण तोच ठसा दुसऱ्या नावाखाली सापडला, तर ती फाइल नष्ट झालेली नसून हललेली आहे, असा निर्णय करावयाचा. ज्यांनी जुन्या पोथ्यांचे पाठ मिळवले आहेत, त्यांना ही शिस्त अपरिचित वाटणार नाही. अ. का. प्रियोळकरांनी १९३५ साली रघुनाथ पंडिताच्या ‘दमयंतीस्वयंवरा’ची पाठचिकित्सा केली, तीही याच विवेकाने. हाच विवेक दैवतांच्या याद्यांना लावून पाहू.

पहिली अडचण नावांची. पोर्तुगीज लेखनिकाने आपल्या कानाला जसे ऐकू आले व आपल्या लिपीत जसे बसले, तसे लिहिले. हळदोणेचे आल्दोना झाले, डिचोलीचे बिचोली झाले, पेडण्याचे पेर्नें झाले. गावांच्या नावांची ही गत, तर दैवतांची काय सांगावी? केवळ अक्षरे जुळवणारा अभ्यासक येथे एका दैवताची दोन करील. उलट दिशेची चूक त्याहून मोठी. सातेरी, रवळनाथ, वेताळ, शांतादुर्गा ही नावे गावोगाव आहेत. बारदेशातील एका गावी शांतादुर्गा नोंदलेली आहे आणि डिचोलीत आज शांतादुर्गा आहे, एवढ्यावरून ती तीच, असे म्हणता येत नाही. म्हणजे नाव भिन्न असणे हा बदलाचा पुरावा नव्हे आणि नाव एक असणे हा ऐक्याचा पुरावा नव्हे.

मग ठसा कोणता? सुदैवाने आपल्या लोकांनी तो भाषेतच ठेवला आहे. डिचोली महालातील नानोडे येथील देवी ही नुसती शांतादुर्गा नव्हे. ती शांतादुर्गा कळंगुटकरीण आहे. खांडोळ्याची भगवती ही हळदोणकरीण, आणि माशेलची एक देवी चिंबलकरीण. ‘कर’ व ‘करीण’ हे प्रत्यय आपण माणसांना लावतो, आणि ते प्रायः गाव सुटल्यावरच लागतात. कळंगुटात राहणाऱ्यास कळंगुटात कोणी कळंगुटकर म्हणत नाही. देवीला हे आडनाव मिळाले ते परगावी गेल्यामुळे. म्हणून या एका प्रत्ययात स्थलांतराची संपूर्ण नोंद आहे : ती कोठून आली, हे तो सांगतो, आली, हेही सांगतो, आणि नव्या गावाने तिचे जुने गाव विसरू दिले नाही, हेही सांगतो. इतिहासकाराला याहून चांगला कागद क्वचित मिळेल. पेडणे महालातील धारगळची शांतादुर्गाही बारदेशातून आलेली, अशी परंपरा आहे. कोलवाळची नदी ओलांडताच धारगळ लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे ती परंपरा भूगोलाशी किती सुसंगत आहे, ते कळून येते. नानोडेही तसेच बारदेशाच्या सीमेलगत आहे. आपले दैवत घेऊन निघालेल्या माणसांनी जवळची सीमा गाठली.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. दोन चित्रांच्या तुलनेत आरंभ व शेवट दिसतो, मधला काळ दिसत नाही. मध्यंतरी निर्माण होऊन मध्यंतरीच संपलेल्या गोष्टीचा दोहोंपैकी एकाही चित्रात मागमूस नसतो. देवकीकृष्णाचे उदाहरण घ्या. तिसवाडीतील चोडण हे त्याचे मूळ स्थान, माशेल हे आजचे. दोन याद्या पाहणाऱ्याला चोडण व माशेल एवढेच दिसेल. परंतु चोडणहून ते दैवत प्रथम डिचोली महालातील मये येथे नेण्यात आले आणि तेथून माशेलास गेले. मयेतील तो मुक्काम पहिल्या यादीत असणे शक्यच नाही आणि आजच्या यादीतही तो नाही. दैवतांना आश्रय देणाऱ्या डिचोलीच्या गावांचा वाटा असा दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडून राहतो. तो वर काढावयाचा, तर मधल्या काळाची निराळी साक्ष हवी.

तिसरी अडचण ‘मूळ’ या शब्दाची. सप्तकोटेश्वर हा कदंबांचा कुलदेव. त्यांच्या नाण्यांवर त्याचे नाव आहे. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत त्याचे देवालय उद्ध्वस्त झाले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली. सोळाव्या शतकात दिवाडी बेटावरील ते देवालय पोर्तुगीजांनी पाडले व लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नार्वे येथे गेले. शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे देवालयाच्या बांधकामास आरंभ झाला, असे दारावरील शिलालेख सांगतो. यांपैकी मूळ चित्र कोणते? आपण १५४० पूर्वीची स्थिती मूळ धरतो, ती केवळ आपल्या हाती पडलेली वही त्या सुमाराची आहे म्हणून. ती वही स्वतःच अनेक चित्रांपैकी एक आहे. शिवाय देवालयाचे वय व दैवताचे वय ही दोन निराळी असतात. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देवालय शाहू महाराजांच्या काळातील आहे. पण केळशीहून देवी आली ती त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे. इमारतीवरील तारखेवरून दैवताचा इतिहास ठरवणे म्हणजे फाइलीवरील वेळ पाहून आतील मजकूर न वाचणे होय.

चौथा प्रकार सर्वांत अवघड, आणि त्याचे उदाहरण खुद्द म्हापशात आहे. येथील सांत जेरोनिम यांचे चर्च १५९४ सालचे; मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्तासाठी ते प्रसिद्ध आहे आणि त्या फेस्तास हिंदू भाविकही तेल घेऊन येतात. लोकपरंपरा सांगते, की सात बहिणी होत्या : शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या त्यांपैकी, आणि म्हापशाची मिरबाय तीच मिलाग्रिस झाली. पहिल्या तिघींची गावे डिचोलीतील, चौथीचे पेडण्यातील, ही बारदेशातील. यादीच्या भाषेत पाहिले तर एक ओळ खोडली गेली व दुसरी नवी लिहिली गेली. दोहोंचा काही संबंध नाही. लोकस्मृतीच्या भाषेत मात्र स्थान तेच, नावही कानाला जवळचे, नाते तेच. बदलला तो विधी. इतिहासकाराने काय लिहावे? देवी तीच आहे असे तो लिहू शकत नाही, कारण तसा कागद नाही. संबंध नाही असेही तो लिहू शकत नाही, कारण तेलाची धार आजही पडते. ‘सात’ ही संख्या येथे महत्त्वाची आहे. पोथीच्या शेवटी ओवीसंख्या लिहिलेली असली, म्हणजे एक पान गळाले तरी गळाले हे कळते. तसे सात म्हटल्यावर सहांवर कोणी थांबत नाही. सीमेपलीकडील गावांनी आपल्या बहिणींची मोजणी चालू ठेवली, म्हणून म्हापशाची जागा रिकामी राहिली नाही.

यावरून निष्कर्ष असा, की दोन याद्या फरक दाखवतात; त्या फरकाचा अर्थ सांगण्यास तिसरी साक्ष लागते. गोव्यात ती दोन ठिकाणी आहे. एक, कोमुनिदादींच्या वह्यांतील वांगडांची नोंद : धर्म बदलला तरी गावकरीतील हक्क वंशाने चालत राहिला, त्यामुळे कोणते घराणे कोणत्या गावचे, हे तेथे सापडते. दुसरी, देवस्थानांच्या महाजनांची नोंद. १८८६ व १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमांनी देवस्थानांच्या कारभाराला कायद्याची चौकट दिली आणि महाजनपण लेखी आले. नानोड्याच्या देवीचे कूळ कळंगुटचे आहे, हे देवीच्या आडनावाबरोबर तिच्या कुळाव्यांवरूनही ताडता येते. नाव, गाव, परिवारदेवता आणि महाजन या चारही गोष्टी जुळल्या, तर ऐक्य निश्चित म्हणावे. दोन जुळल्या, तर संभाव्य म्हणावे. नुसते नाव जुळले, तर मौन पाळावे.

हा विचार केवळ पंडिती नाही. गोवा सरकारने २०२२ सालच्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवालयांच्या पुनरुद्धारासाठी वीस कोटी रुपयांची तरतूद केली आणि पुढल्या वर्षी या विषयासाठी एक समिती नेमली. नार्वेच्या सप्तकोटेश्वराचे जीर्णोद्धार झालेले देवालय फेब्रुवारी २०२३ मध्ये खुले झाले. जेव्हा स्थाननिर्णयावर बांधकाम अवलंबून असते, तेव्हा यादीतील चूक दगडात कोरली जाते. हललेल्या दैवताला नष्ट म्हटले, तर नानोडे, धारगळ, मये, नार्वे येथील ज्या लोकांनी त्याला जागा दिली, त्यांचे कार्य पुसले जाते. नष्ट झालेल्याला हललेले म्हटले, तर ज्यांना सीमा गाठता आली नाही, त्यांची हानी पुसली जाते. आणि जमीन नसलेल्या लहान दैवतांना यादीत नाहीत म्हणून नव्हतीच म्हटले, तर ज्या गरिबांची ती होती, त्यांना इतिहासातून दुसऱ्यांदा घालवल्यासारखे होते.

म्हणून असे सुचवावेसे वाटते, की बारदेशातील प्रत्येक गावासाठी एक पत्रक करावे आणि त्यात नष्ट, स्थलांतरित, रूपांतरित, नवे व अनिर्णित असे पाच रकाने ठेवावेत. शेवटचा रकाना बराच काळ भरलेला राहील. तो घाईने रिकामा करू नये. हे काम एकट्या संशोधकाचे नाही. त्या त्या गावच्या शाळेतील शिक्षकांनी वांगडांची, महाजनांची, पालखीच्या वाटेची व जत्रेच्या मानांची माहिती टिपून दिली, तर तोंबोच्या वहीतील जी नावे आज नुसती नावे आहेत, त्यांपैकी काहींचा पत्ता नदीच्या पलीकडच्या तीरावर अजूनही लागेल.