सोलर सेलवरचे पिरॅमिड: सिलिकॉन मुद्दाम खरखरीत का करतात?

पॉलिश केलेला सिलिकॉन वेफर आरशासारखा चकचकीत दिसतो आणि सोलर सेलसाठी नेमकी हीच अडचण आहे. त्याच्यावर पडलेला साधारण एक तृतीयांश प्रकाश तसाच परत जातो. म्हणून सेल बनवताना सुरुवातीलाच वेफरचा पृष्ठभाग खरखरीत करून घेतात. याला टेक्स्चरिंग म्हणतात.

पद्धत अगदी साधी आहे. कॉस्टिक सोडा किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात, साधारण ८० अंशांना, वेफर काही मिनिटं बुडवायचा. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची मांडणी ठरलेली असते. हे अल्कली द्रावण काही दिशांनी तो पटापट खातं, एका दिशेने मात्र फार सावकाश. शेवटी उरतात ते काही मायक्रॉन उंचीचे, चौकोनी पायाचे पिरॅमिड, उतार साधारण ५५ अंशांचा. साचा नाही, लेसर नाही! मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे डिझाइन मटेरियलमध्येच लिहिलेलं असणं मला जाम आवडतं.

आता एका उतारावरून उडालेला प्रकाश आकाशात न जाता शेजारच्या पिरॅमिडवर आदळतो. दर वेळी एक तृतीयांश परत फिरतो असं धरा, तर दोन वेळांनंतर एक नवमांश, म्हणजे ११ टक्केच वाया जातो. वरून सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर दिला की हा आकडा दोन-तीन टक्क्यांवर येतो. शिवाय प्रकाश आत तिरका शिरतो, म्हणजे त्याला वेफरमधून जास्त अंतर कापावं लागतं. अवरक्त प्रकाश सिलिकॉनमध्ये हळूहळू शोषला जातो, त्यामुळे हे जादा अंतर कामाला येतं आणि वेफर पातळ ठेवता येतो.

पण हे सगळं मोनो, म्हणजे एकसंध स्फटिकाच्या वेफरचं. जुन्या निळ्या, ठिपकेदार पॅनेलमधल्या मल्टी वेफरमध्ये प्रत्येक कणाची दिशा वेगळी, तिथे पिरॅमिड नीट उठत नाहीत. त्यावर उपाय होता हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचा. हे आम्ल दिशा बघत नाही. कापताना पडलेल्या बारीक चिरा धरून खड्डे पाडतं.

इथेच खरी गंमत झाली. आधी वेफर स्टीलची तार आणि सिलिकॉन कार्बाइडच्या रबडीने कापत. मग हिऱ्याचे कण बसवलेली तार आली. काम जलद, सिलिकॉनचा भुगा कमी, खर्च कमी. पण पृष्ठभाग इतका गुळगुळीत निघाला की आम्लाला पकड मिळेना! मोनोला काहीच फरक पडला नाही, कारण अल्कलीला चिरा लागतच नाहीत. म्हणजे स्वस्त कापणीचा फायदा मोनोने आधी उचलला. मोनोने बाजार जिंकला त्यामागे इतरही कारणं आहेत, पण माझ्या मते या कारणाची चर्चा फारच कमी होते.

मल्टीवाल्यांनी चांदीचे सूक्ष्म कण वापरून नॅनो आकाराचे खड्डे पाडणारं 'ब्लॅक सिलिकॉन' आणलं. परावर्तन छान उतरलं, पण एक पायरी वाढली, चांदी पूर्ण धुऊन काढावी लागते, आणि खड्डे फार खोल झाले तर वाढलेल्या पृष्ठभागावरच इलेक्ट्रॉन हरवतात. मग ते खड्डे पुन्हा थोडे खरवडून रुंद करावे लागतात.