वाकत्या आसाचे इंजिन

न्हावा शेव्याच्या बंदरातून निघणारी मालगाडी ही सरळ रेषेची मोठी भोक्ती. १९८९ साली हे बंदर सुरू झाले आणि आम्हां खाडीकाठच्या मंडळींना लोखंडी पेट्यांच्या लांबच लांब गाड्यांची सवय झाली. रूळ साडेपाच फूट रुंदीचे, आणि वळण आलेच तर तेही ऐसपैस. पण ह्याच रायगड जिल्ह्यात, नेरळच्या पायथ्याशी, अवघ्या दोन फूट रुंदीचा एक लोहमार्ग आहे. त्याचा धडा ह्याच्या अगदी उलट आहे: डोंगर चढायचा, तर लोखंडालाही वाकता आले पाहिजे.

ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब १८५० साली माथेरानवर चढले आणि हे ठिकाण ‘सापडले’, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते साहेबांना सापडले एवढेच. डोंगरातल्या ठाकर-धनगरांना ते हरवलेले कधीच नव्हते! पुढे नेरळपर्यंत आगगाडी आली, तरी वरची वाट घोड्याने, पालखीने, नाहीतर पायीच काटावी लागे. मुंबईचे धनिक सर आदमजी पीरभॉय ह्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनी त्या वाटेवर गाडी नेण्याचा चंग बांधला. वडिलांच्या तिजोरीतून सोळा लाख रुपये खर्ची पडले. १९०४ साली काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली.

मार्ग सुमारे एकवीस किलोमीटरांचा. तेवढ्यात साडेसातशे मीटर उंची गाठायची. चढ कुठे कुठे वीसास एक, म्हणजे वीस पावले पुढे जावे तेव्हा एक पाऊल वर. शिवाय वळणे अशी, की डब्याच्या खिडकीतून आपल्याच गाडीचे इंजिन समोर दिसावे.

इथेच खरी अडचण होती. चढावर रूळ घट्ट धरून ठेवायला चाकांच्या तीनही जोड्या एकत्र जोडलेल्या हव्यात. पण तीन ताठ जोड्या आखूड वळणात अडकायच्या. बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने माथेरानसाठी जी चार इंजिने बांधली, त्यांत क्लीन आणि लिंडनर ह्या दोघा जर्मन अभियंत्यांची एक युक्ती होती. पुढच्या व मागच्या जोडीचा आस नळीसारखा पोकळ, आणि त्याच्या पोटात दुसरा भरीव आस. भरीव आस सांगाड्यात पक्का बसून फिरे. त्याच्या मध्यावरच्या गोल सांध्यावर पोकळ आस चाकांसह थोडा डावीउजवीकडे वळे. आत ताठ, बाहेर लवचीक. आपल्या घरोघरच्या आज्ज्या ह्याच तत्त्वावर संसार चालवीत आल्या!

ह्या इंजिनांनी उन्हाळ्यादिवाळीच्या सुट्ट्यांतली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे वर नेली. चढताना कोळसा मारणाऱ्या फायरमनची कसोटी, आणि उतरताना डब्यांवर उभे राहून हातब्रेक आवळणाऱ्या ब्रेकवाल्यांची. वाटेवरच्या ‘वॉटर पाईप’ ह्या स्टेशनाचे नाव तहानलेल्या इंजिनाची आठवण आजही देते. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीतूनच डिझेल इंजिने आली. त्यांच्या जोडीने वाफेची इंजिने १९८० च्या आसपासपर्यंत राबली.

मग भावंडांची पांगापांग झाली. ७३८ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. ७४० क्रमांकाने समुद्र ओलांडला आणि ते इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेत पोहोचले. तिसरे नेरळ स्टेशनाजवळ चौथऱ्यावर बसले. मुले त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. मात्र ज्या आसापायी हे इंजिन थोर, तो चाकांच्या आड अंधारात असतो; आणि इंजिन उभे असले की तो वाकतही नाही.

म्हणून मला वाटते, इंजिन रंगवून ठेवणे हे जतनाचे अर्धेच काम. उरलेले अर्धे त्या वाटेवर आहे. २००५ साली ह्या रेल्वेचे नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले, आणि त्याच वर्षी २६ जुलैच्या पावसाने मार्ग वाहून नेला. दोन वर्षांनी, २००७ साली, तो पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे घसरल्यावर गाडी थांबली, ती नेरळहून २०१८ च्या जानेवारीत पुन्हा निघाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा दरडी आणल्या; नेरळहून गाडी वर जायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

प्रत्येक वेळी कोणीतरी चिखलात उभे राहून खडी भरली, दोन फुटांचे माप धरून रूळ पुन्हा बसवले. माथेरानात मोटारगाड्यांना मज्जाव आहे. दस्तुरीच्या पुढे पाय, घोडा, रिक्षा, नाहीतर ही चिमुकली गाडी. म्हणून तिथल्या माणसांना ही नुसती गंमत नाही. त्या रुळांवर काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही चौथऱ्यावर कोरलेली नाहीत. पण ते हात आणि ती विद्या आहे, तोवरच चौथऱ्यावरच्या इंजिनाला अर्थ आहे. ज्या दिवशी डोंगरावर गाडी चढायची कायमची थांबेल, त्या दिवशी ते इंजिन नुसते लोखंड होईल.