टिळकांचं राहिलेलं अपील

मागच्या रविवारी माहीमला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही चक्क अपील कोर्ट भरवलं. खटला १९०८चा, आरोपी लोकमान्य टिळक. चिठ्ठ्या टाकल्या आणि सरकारी वकील झालो मी. बोंबला!

थोडक्यात प्रकरण असं. ३० एप्रिल १९०८ला मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला, दोन गोऱ्या मायलेकी गेल्या. त्यानंतर केसरीत 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे लेख आले. सूर असा की बॉम्ब वाईटच, पण सरकारच्या दडपशाहीतूनच तो जन्माला येतो. त्यावरून राजद्रोहाचा खटला. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, काही दिवस मिळून तब्बल २१ तास. आमच्याकडे प्रत्येकाला दहा मिनिटं होती, तीही मोबाइलवर लावून.

खरं सांगतो, कलम १२४अ वाचलं आणि वाटलं, मी जिंकणार. दंगा झाला हे दाखवायची गरजच नाही; सरकारबद्दल द्वेष किंवा अप्रीती पसरवायचा प्रयत्न पुरे. मी तेच रेटलं.

टिळकांच्या वकीलबाईंनी आधी न्यायमूर्ती दावर यांना धरलं. १८९७च्या खटल्यात हेच दावर टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे होते आणि १९०८ला न्यायासनावरून त्यांनीच जामीन नाकारला! ऐकायला भारी वाटतं, पण मुद्दा कच्चा. वकील आज याचा, उद्या त्याचा. तो मी खोडला.

मग आली ज्युरी. नऊ जण: सात युरोपीय, दोन हिंदी. निकाल सात विरुद्ध दोन. आणि लेख मराठी, पण ज्युरीनं तोलली त्यांची इंग्रजी भाषांतरं. भाषांतर चुकीचं आहे, शब्दांना नसलेली धार लावली आहे, हे टिळक कोर्टात पुन्हा पुन्हा सांगत होते. आमच्या न्यायाधीशांपैकी एक निवृत्त मराठी शिक्षिका, शेजारच्या काकू. त्यांनी विचारलं, "अरे, लेखाचा सूर ज्याला ऐकूच येत नाही, तो लेखकाची नियत कशी ठरवणार?" माझी चार मिनिटं उरली होती. मी खाली बसलो.

२२ जुलैच्या रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली; टिळकांना मंडालेला नेलं. परळ-लालबागकडच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. पुढे अपिलाची परवानगी हायकोर्टानं नाकारली, प्रिव्ही कौन्सिलनंही नाकारली. म्हणजे आमच्या गच्चीवर झालं ते अपील टिळकांना कधी मिळालंच नाही. १९५६ला मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याच हायकोर्टात टिळकांच्या उद्गारांची शिला बसवली, हे छानच. पण शिला म्हणजे निकाल नव्हे.

आमचा निकाल: शिक्षा रद्द, दोन विरुद्ध एक. विरोधात कोण, तर आमचे आजोबा! त्यांचं म्हणणं, त्या कायद्यानं टिळक दोषीच होते. कायदाच वाईट होता, आणि तो बदलणं गच्चीवरच्या कोर्टाचं काम नाही. १२४अ २०२२ला सुप्रीम कोर्टानं थांबवलं, २०२४ला नवी न्याय संहिता आली; आता तिचं कलम १५२ वाचून दाखव म्हणून आजोबा रोज माझ्या मागे लागलेत.